अमेरिकेतलं सरकारी हायस्कूल: खेळ, क्लब आणि शाळेचं आवार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जुलै उजाडला की इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तेच प्रश्न पुन्हा यायला लागतात. कुणी पुण्याहून नुकतंच आलेलं असतं, कुणाची थोरली आता नववीत जाणार असते. दरवेळी तुकड्यातुकड्याने उत्तरं देण्यापेक्षा ती एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. एक लक्षात असू द्या: इथे शालेय खेळांचे नियम केंद्र सरकार करत नाही, प्रत्येक राज्याची स्वतंत्र क्रीडा संघटना करते. त्यामुळे खाली जिथे राज्याचं नाव आहे, तिथे तो नियम त्या राज्यापुरताच समजा.

१. हायस्कूल म्हणजे कितवीपासून? आणि कुठल्या शाळेत घालायचं हे आपण ठरवू शकतो का?

नववी ते बारावी. नववीतल्याला फ्रेशमन, दहावीतल्याला सोफोमोर, मग ज्युनियर आणि सीनियर. शाळा बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावरून ठरते. घराचा करार आणि विजेचं बिल घेऊन जायचं, त्या भागाच्या शाळेत नाव घालायचं. देणगी नाही, मुलाखत नाही, फी नाही. म्हणून तर लोक घर बघताना आधी शाळा बघतात आणि मग भाड्याचा आकडा ऐकून गप्प बसतात.

२. आम्ही एच-१बी वर (नोकरीचा व्हिसा) आहोत, मुलं एच-४ वर (कुटुंबीयांचा व्हिसा). सरकारी शाळेत शिकायला, खेळायला अडचण येईल का?

नाही. व्हिसावरून शाळा मुलाला अडवू शकत नाही. १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेचा हक्क दिला आहे, तुमच्याकडे तर सगळी कागदपत्रं आहेत. संघात निवडतानाही व्हिसा कुणी विचारत नाही. वेगळा नियम आहे तो एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, एकट्या येणाऱ्या विद्यार्थ्याला. भाच्याला आपल्याकडे ठेवून इथल्या सरकारी हायस्कूलमध्ये शिकवायचा विचार असेल, तर त्याला जास्तीत जास्त १२ महिने शिकता येतं आणि शिक्षणाचा पूर्ण खर्च भरावा लागतो. पैसे मिळवण्याचा प्रश्न आला की एच-४ मध्ये आणखी एक गोम आहे, ती प्रश्न २२ मध्ये.

३. व्हर्सिटी, जेव्ही, फ्रेशमन टीम: हे काय प्रकरण आहे?

एकाच खेळाचे हे उतरत्या क्रमाचे संघ. व्हर्सिटी हा शाळेचा मुख्य संघ, ज्युनियर व्हर्सिटी म्हणजे जेव्ही हा त्याखालचा. मोठ्या शाळेत नववीतल्या मुलांचा वेगळा संघही असतो. नववीत जेव्हीत घेतलं म्हणून तोंड पाडायचं कारण नाही, तिथेच भरपूर खेळायला मिळतं. व्हर्सिटीत जाऊन बाकावर बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं. व्हर्सिटीत ठरलेले सामने खेळल्यावर शाळेचं कापडी अक्षर मिळतं आणि ते लोकरीच्या जॅकेटवर शिवून घेतात. ही पद्धत १८६५ मध्ये हार्वर्डच्या बेसबॉल संघाने सुरू केली. अक्षर शाळा देते, जॅकेट मात्र आपल्या खिशातून. आणि ते स्वस्त नसतं.

४. कुठला खेळ कधी असतो?

वर्षाचे तीन हंगाम. ऑगस्ट ते नोव्हेंबर ‘फॉल’: अमेरिकन फुटबॉल, क्रॉस कंट्री, मुलींचा व्हॉलीबॉल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च ‘विंटर’: बास्केटबॉल, कुस्ती, बऱ्याच ठिकाणी पोहणं. त्यानंतर मेअखेरपर्यंत ‘स्प्रिंग’: बेसबॉल, सॉफ्टबॉल, मैदानी शर्यती (ट्रॅक). पण सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, न्यू जर्सीत फॉलमध्ये असतो आणि कॅलिफोर्नियात विंटरमध्ये. टेनिस मुलींचं फॉलला, मुलांचं स्प्रिंगला, असं कॅलिफोर्निया, इलिनॉय आणि न्यू जर्सीत चालतं. दुसऱ्या राज्यातल्या मावशीचं वेळापत्रक प्रमाण मानू नका. शाळेच्या संकेतस्थळावर ‘अ‍ॅथलेटिक्स’ नावाचं पान असतं, तेच खरं.

एका मुलाला एका वर्षात तीन हंगामांत तीन वेगळे खेळ खेळता येतात आणि बरीच मुलं खेळतातही.

५. आमच्या मुलाने कधी काही खेळलेलंच नाही. क्लास आणि अभ्यास, बस्स. त्याला कोण घेणार?

क्रॉस कंट्री घेईल. जे खेळ कुणाला गाळत नाहीत, त्यांना इथे ‘नो-कट’ म्हणतात. क्रॉस कंट्री, ट्रॅक, कुस्ती आणि बहुतेक ठिकाणी फुटबॉलही त्यात मोडतात. क्रॉस कंट्रीत सामान म्हणजे एक बऱ्यापैकी बूटजोडी. शर्यत साधारण ५ किलोमीटरची, गवतातून, चढउतारांवरून. पहिल्या पाच जणांच्या क्रमांकावर संघाचे गुण ठरतात, पण सगळ्यात शेवटी येणाऱ्या मुलासाठीही अख्खा संघ अंतिम रेषेवर उभा राहून ओरडत असतो. नव्या देशात, नव्या शाळेत, दुपारच्या जेवणाला कुणाशेजारी बसायचं हा प्रश्न सोडवायला याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. सराव ऑगस्टमध्ये, म्हणजे शाळा उघडायच्या आधीच सुरू होतो. त्यामुळे पहिल्या दिवशी मुलगा शाळेत शिरतो तेव्हा दहा-वीस चेहरे ओळखीचे असतात.

टेनिस, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल आणि सॉकर यांत मात्र चुरस असते. तिथे मुलं सात-आठ वर्षांची असल्यापासून खेळत आलेली असतात.

६. क्रिकेट आहे का हो? बॅडमिंटन?

क्रिकेट शाळेचा अधिकृत खेळ म्हणून हवा असेल, तर न्यू यॉर्क शहर. तिथल्या सरकारी शाळांच्या लीगने २००८ मध्ये क्रिकेट सुरू केलं आणि ते स्प्रिंगमध्ये खेळतात. इतरत्र ते क्लबातच शोधावं लागतं. बॅडमिंटन कॅलिफोर्नियात शालेय खेळ आहे, इलिनॉयमध्ये मुलींसाठी आहे. अनेक राज्यांत अजिबात नाही. कबड्डी-खोखो मंडळाच्या सहलीतच.

७. ट्रायआउटला (संघनिवडीच्या चाचणीला) काय काय कागद लागतात?

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे स्पोर्ट्स फिजिकल, डॉक्टरांनी तपासून सही केलेला राज्याचा छापील फॉर्म. तो नसेल तर कोच मुलाला मैदानावर पाऊलही ठेवू देत नाही, मग मूल कितीही गुणी असो. बहुतेक राज्यांत सही इथला परवाना असलेल्या डॉक्टरची किंवा नर्स प्रॅक्टिशनरचीच चालते, नाशिकच्या फॅमिली डॉक्टरांचं पत्र चालत नाही. ऑगस्टमध्ये डॉक्टरांची वेळ मिळता मिळत नाही, म्हणून जूनमध्येच उरकून घ्या. शिवाय ऑनलाइन पोर्टलवर पालकांच्या संमत्या, विम्याची माहिती आणि डोक्याच्या दुखापतीबद्दलचं पत्रक वाचल्याची सही.

फॉर्मच्या पहिल्या पानावर प्रश्नांची लांबलचक यादी असते: पळताना कधी चक्कर आली का, छातीत दुखलं का, घरात कुणी कमी वयात अचानक हृदयविकाराने गेलं का. आपल्याकडची माणसं या सगळ्यावर डोळे मिटून ‘नाही’वर खूण करतात. काका चाळिशीच्या आत गेले असतील तर तसं लिहा. फार तर एक जास्तीची तपासणी होईल. दमा असेल तर तोही लिहा. लिहिल्यावरच इनहेलर मैदानावर जवळ ठेवता येतो.

८. जूनअखेर ते ऑगस्टमध्यापर्यंत आम्ही भारतात असतो. फॉलचा खेळ जमेल का?

अवघड आहे. फॉलच्या निवडी ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात होतात आणि जुलैतला सराव ‘ऐच्छिक’ असला तरी कोच कोण येतंय ते बघत असतो. नो-कट खेळात (प्रश्न ५) उशिरा आलं तरी घेतात, पण काही राज्यांत पहिल्या सामन्याआधी ठराविक दिवस सराव झालेला असावाच लागतो. परतीचं तिकीट जुलैअखेरचं काढा, नाहीतर स्प्रिंगचा खेळ निवडा. कोचला आधी कळवायचं आणि ते मुलाने स्वतः ईमेल लिहून कळवायचं (प्रश्न १५).

दिवाळीचंही असंच. न्यू यॉर्क शहराच्या शाळांना २०२४ पासून दिवाळीची सुट्टी आहे, पण बहुतेक जिल्ह्यांत (इथे जिल्हा म्हणजे शाळा चालवणारं स्कूल डिस्ट्रिक्ट) त्या दिवशी शाळा असते. आणि फॉलच्या बाद फेऱ्या नेमक्या त्याच सुमाराला येतात.

९. खर्च किती येतो? ‘पे टू प्ले’ म्हणजे काय?

अनेक जिल्हे प्रत्येक खेळामागे किंवा वर्षाला एक शुल्क घेतात, त्यालाच ‘पे टू प्ले’ म्हणतात. कॅलिफोर्नियात असं शुल्क घेणं बेकायदा आहे. सांता बार्बराच्या शाळांनी प्रत्येक उपक्रमाला २५ डॉलर लावले होते. त्यावरून गेलेल्या ‘हार्टझेल विरुद्ध कॉनेल’ खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सांगितलं की मोफत शिक्षणात हे उपक्रमही येतात. आता तिथे शाळा ‘देणगी’ मागतात. ती ऐच्छिक असते आणि दिली नाही म्हणून मुलाला संघाबाहेर ठेवता येत नाही. इतर राज्यांत मोफत किंवा सवलतीचं जेवण घेणाऱ्या मुलांना शुल्क बहुधा माफ होतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो.

खरा खर्च इतरत्र असतो: बूट, रॅकेट, संघाचे स्वेटशर्ट, प्रवास, हंगाम संपतानाचं जेवण. शिवाय बूस्टर क्लब, म्हणजे पालकांची संस्था. ती पैसे गोळा करते आणि सामन्याच्या वेळी खाद्यपदार्थांचा ठेला चालवते. तिथे पाळी येतेच. पैशांपेक्षा ती पाळी घ्या असा माझा सल्ला, कारण नाचोवर चीज ओतता ओतता जेवढ्या पालकांशी ओळख होते तेवढी प्रेक्षकांत बसून होत नाही.

१०. मार्क घसरले तर संघातून काढतात का?

खेळण्यावर बंदी येते. कॅलिफोर्नियात ४ पैकी किमान २.० सरासरी लागते. टेक्सासचा नियम कडक आहे, १९८४ पासूनचा, ‘नो पास, नो प्ले’: गुणपत्रकाच्या वेळी एकाही विषयात ७० च्या खाली गेलं तर किमान तीन आठवडे सामना नाही, सराव करता येतो. काही कठीण पातळीच्या, म्हणजे ऑनर्स आणि अ‍ॅडव्हान्स्ड विषयांना सूट मिळू शकते, कुठल्या ते जिल्हा ठरवतो. टेक्सासमध्ये हा नियम मार्चिंग बँड आणि वादविवाद स्पर्धांनाही लागू आहे. गंमत म्हणजे तिथली क्रीडा संघटना, यूआयएल, १९१० मध्ये टेक्सास विद्यापीठाने वादविवादासाठीच सुरू केली होती, फुटबॉल नंतर आला.

आपल्या घरांत भीती उलटी असते, खेळामुळे मार्क जातील ही. एका हंगामापुरतं खेळू द्या आणि मग ठरवा.

११. मुलगा भारतात दहावी झाला, इथे पुन्हा दहावीत बसवलाय. किती वर्षं खेळता येईल?

इथे दोन घड्याळं चालतात. एक वयाचं: टेक्सासमध्ये १ सप्टेंबरला १९ पूर्ण असतील तर खेळता येत नाही, कॅलिफोर्नियात १५ जूनच्या आधी १९ पूर्ण झाले असतील तर येणाऱ्या वर्षी नाही. दुसरं सत्रांचं: नववीत पहिल्यांदा नाव घातल्यापासून सलग आठ सत्रं, म्हणजे चार वर्षं. अनेक राज्यांत हे घड्याळ भारतातल्या नववीपासूनच धरतात. म्हणजे एक इयत्ता पुन्हा केली तर बारावीत पोहोचेपर्यंत सत्रं संपलेली असू शकतात. शाळा त्याला बारावीत शिकवेल, खेळू मात्र देणार नाही. प्रवेशाच्या वेळी समुपदेशक इयत्ता सुचवतात तेव्हाच शाळेतले खेळ सांभाळणाऱ्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला विचारा. राज्याकडे सवलतीचा अर्ज करता येतो, पण तो शाळेमार्फतच जातो आणि वेळ खातो.

१२. घर बदललं, शाळा बदलली. लगेच खेळता येईल का?

सगळं कुटुंब खरंच नव्या पत्त्यावर राहायला गेलं असेल, तर सहसा हो. परदेशातून किंवा दुसऱ्या राज्यातून सहकुटुंब आलेल्यांनाही तेच. घर तेच ठेवून चांगल्या संघासाठी शाळा बदलली तर मात्र हंगामाचा काही भाग किंवा पूर्ण वर्ष व्हर्सिटीबाहेर बसावं लागतं. मित्राचा पत्ता वापरायचा बेत असेल तर सोडून द्या. पकडलं गेलं तर त्या मुलाने खेळलेले सामने संघाला गमवावे लागतात, आणि मग त्या शाळेत त्याला कसे दिवस काढावे लागतील याचा विचार करा.

१३. शाळेचा हंगाम चालू असताना बाहेरच्या क्लबात किंवा मंडळाच्या स्पर्धेत खेळलं तर चालतं का?

वेगळा खेळ असेल तर बहुतेकदा चालतं. ट्रॅकमधला मुलगा रविवारी क्रिकेट खेळला तर कुणाची हरकत नसते. तोच खेळ असेल तर कॅलिफोर्निया, इलिनॉय यांसारख्या राज्यांत हंगामात बाहेरच्या संघातून खेळायला मनाई आहे. पोहण्यासारख्या वैयक्तिक खेळांत काही अपवाद आहेत. नाव नोंदवण्याआधी अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

यात मंडळांनीही लक्ष घालायला हवं. गणेशोत्सवात बॅडमिंटनची स्पर्धा ठेवतात आणि विजेत्याला पाकिटात शंभर डॉलर देतात. विजेता शाळेच्या बॅडमिंटन संघात असेल तर त्याच्या हौशी खेळाडूच्या दर्जावर गदा येऊ शकते. मुलांच्या गटाला चषक द्या, पाकीट नको.

१४. डोक्याला मार लागला, पण मूल म्हणतं मी ठीक आहे. मग?

मग तो त्या दिवशी खेळत नाही, विषय संपला. वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये यासाठी पहिला कायदा केला आणि आता सगळ्या राज्यांत असे कायदे आहेत: शंका आली तरी बाहेर काढायचं आणि डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. कॅलिफोर्नियात निदान झाल्यावर टप्प्याटप्प्याने परतायला किमान सात दिवस लागतात. हे फुटबॉलपुरतंच आहे असं समजू नका. सॉकर, बास्केटबॉल, चिअरलीडिंग यांतही डोकी आपटतात. दुखापत झाली तर आधी शाळेच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरकडे जायचं. हा व्यायाम करून घेणारा ट्रेनर नव्हे, दुखापती हाताळायचं शिक्षण घेतलेला माणूस असतो. अनेक शाळा हंगामाआधी संगणकावर स्मरणशक्तीची एक चाचणी घेऊन ठेवतात, मार लागल्यावर तिच्याशी तुलना करता येते. मुलाने ती चाचणी मुद्दाम वाईट देऊ नये, हे त्याला सांगावं लागतं. पोरं फार हुशार असतात.

१५. मुलीला खेळायलाच मिळत नाही. कोचशी आम्ही बोलू का?

आधी ती बोलेल. किती वेळ खेळायला मिळतं, कुठल्या जागी खेळवतात, दुसरीला का घेतलं, यावर कोच पालकांशी बोलत नाहीत. बऱ्याच शाळांत हे लेखी असतं. मुलीने कोचला भेटायची वेळ मागायची आणि विचारायचं, “मी काय सुधारू?” तुम्ही बोलायचं ते तब्येत, सुरक्षितता किंवा अपमानास्पद वागणूक यांबद्दल, आणि तेही सामना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. रागाच्या भरात पार्किंग लॉटमध्ये गाठायचं नाही. कोच ऐकत नसेल तर अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, त्यानंतर मुख्याध्यापक. थेट वर जाणाऱ्याला खाली पाठवतात.

प्रेक्षकांत बसून मराठीत सूचना ओरडणाऱ्या बाबांनी एक ध्यानात घ्यावं: शब्द कुणाला कळत नाहीत, सूर सगळ्यांना कळतो.

१६. आम्ही शाकाहारी आहोत. संघाच्या जेवणाचं, दौऱ्याचं काय?

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी संघ कुणाच्या तरी घरी पास्ता जेवतो. सॉसमध्ये मांस आहे का ते विचारायला मुलाला शिकवा. चिली नावाच्या पदार्थात बहुधा गोमांस असतं, आणि शाकाहारी दिसणाऱ्या बीन्समध्येही डुकराचं मांस असू शकतं. सगळ्यात सोपं म्हणजे एकदा यजमानपद तुम्हीच घ्या. पास्ता करा, सोबत पावभाजी ठेवा आणि काय आधी संपतं ते बघा.

१७. मुलींना मुलांइतकी संधी असते का?

कायद्याने असायलाच हवी. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला मुलगे-मुली असा भेद करायला बंदी केली. १९७१-७२ मध्ये देशभरात ३ लाखांहून कमी मुली हायस्कूलमध्ये खेळत होत्या. आता हा आकडा ३४ लाखांवर आहे. मैदानं, सरावाच्या वेळा, कोच, कपडे यांतही समतोल हवा. मुलांचा बेसबॉल झगमगत्या दिव्यांखाली आणि मुलींचा सॉफ्टबॉल मागच्या खडबडीत मैदानावर, असं दिसलं तर प्रत्येक जिल्ह्यात टायटल नाइनचा एक अधिकारी असतो, त्याला लिहा.

१८. खेळ नकोच. बाकी काय आहे?

बाकी इतकं आहे की मुलं सप्टेंबरमध्ये अकरा क्लबांत नावं घालतात आणि ऑक्टोबरमध्ये दोनांत उरतात. रोबोटिक्समध्ये ‘फर्स्ट’ या १९८९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या स्पर्धा असतात. आव्हान जानेवारीत जाहीर होतं आणि मग मार्चपर्यंत मुलं रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत शाळेच्या कार्यशाळेत असतात. वादविवाद, सायन्स ऑलिंपियाड, मॉडेल यूएन (संयुक्त राष्ट्रांची नमुना सभा) यांत आपली मुलं भरपूर दिसतात. नाटक कमी घेतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. ज्या समाजात राज्य नाट्य स्पर्धेच्या गप्पा घराघरांत चालतात, त्याच्या मुलांनी शाळेच्या संगीतिकेत निदान नेपथ्याला तरी हातभार लावावा. दिवे, ध्वनी, रंगकाम यांत ऑडिशन लागत नाही.

मार्चिंग बँड हा स्वतंत्र विषय आहे. ऑगस्टमधलं बँड कँप, शुक्रवारी फुटबॉलच्या मध्यंतराला कवायत, शनिवारी स्पर्धा. वाद्य आधीपासून येत असावं लागतं. पण तबला किंवा ढोल वाजवणाऱ्या मुलाचा हात ड्रमलाइनवर, म्हणजे बँडच्या ड्रमांवर, लवकर बसतो, म्हणून बँड डायरेक्टरला जरूर विचारा.

क्लब हवा आहे आणि तो नाही, तर मुलं स्वतः सुरू करू शकतात. एक शिक्षक सल्लागार म्हणून शोधायचा, छोटासा अर्ज भरायचा.

१९. शाळेत हिंदू विद्यार्थ्यांचा क्लब काढता येतो का? गणपती बसवता येईल?

क्लब काढता येतो. १९८४ च्या इक्वल अ‍ॅक्सेस कायद्यानुसार, अभ्यासक्रमाबाहेरचा एक जरी क्लब शाळेत असेल तर विद्यार्थ्यांनी चालवलेल्या धार्मिक क्लबालाही जागा द्यावी लागते, आणि १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. अट अशी की क्लब विद्यार्थ्यांनीच चालवायचा. शिक्षक फक्त देखरेखीला असतात आणि बाहेरच्या मोठ्यांनी येऊन सूत्रं हातात घ्यायची नाहीत. म्हणजे मुलं जेवणाच्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर जमून आरती म्हणू शकतात. शाळेने स्वतः गणपती बसवणं मात्र होणार नाही. मंडळाचा उत्सव शाळेच्या वास्तूत करायचा असेल तर ती वेगळी वाट, प्रश्न २० पाहा.

२०. मंडळाला शाळेचं ऑडिटोरियम भाड्याने मिळतं का?

मिळतं, आणि अमेरिकेतल्या मराठी नाटकांचा, गणेशोत्सवांचा मोठा आधार हाच आहे. जिल्ह्याच्या ‘फॅसिलिटीज’ कार्यालयात अर्ज करायचा, तोही सहा-आठ महिने आधी, कारण सप्टेंबरात शाळेचे स्वतःचे कार्यक्रम असतात आणि पहिला हक्क त्यांचा. धार्मिक कार्यक्रम आहे म्हणून अडणार नाही. इतर संस्थांना जागा देणारी शाळा धार्मिक दृष्टिकोनावरून नकार देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये म्हटलं आहे. अडतं ते इतर गोष्टींवर:

विमा: जिल्ह्याचं नाव घातलेलं प्रमाणपत्र मागतात, रक्कम बहुधा १० लाख डॉलर. एका दिवसाचा असा विमा मिळतो.

ज्योत: निरांजन, कापूर, उदबत्ती, काही नाही. अग्निशमन खात्याचा नियम असतो आणि धुराने गजर वाजला तर अख्खी इमारत रिकामी होते. बॅटरीचे दिवे लावून आरती करा. बाप्पा समजून घेतात, फायर मार्शल घेत नाहीत.

फरशी: व्यायामशाळेच्या लाकडी फरशीवर ढोल टेकवायचे तर खाली जाड रबर, गुलाल अजिबात नाही. ढोल-ताशाचा सराव पार्किंग लॉटमध्ये करायचा तर त्याची परवानगी वेगळी घ्या, शेजारच्यांच्या तक्रारी आधी पोलिसांकडे जातात आणि मग मंडळाकडे.

स्वयंपाकघर: शाळेचे कर्मचारी हजर असल्याशिवाय उघडत नाही. जेवण बाहेरून आणा. सफाई कर्मचाऱ्याचे तास बिलात लागतात, म्हणून “अजून एक गाणं” म्हणणाऱ्या गायकाला वेळेत आवरा.

२१. शनिवारच्या मराठी शाळेचा हायस्कूलला उपयोग होतो का?

होऊ शकतो. ‘सील ऑफ बायलिटरसी’ नावाची मोहोर पदविकेवर मिळते. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाने ती कायद्याने सुरू केली, नंतर इतर राज्यांत पसरली. इंग्रजीबरोबर दुसरी भाषा चाचणीतून सिद्ध करायची, आणि अनेक जिल्हे त्यासाठी मराठीही धरतात. काही जिल्हे परकीय भाषेचं श्रेयांकनही (क्रेडिट) देतात. अकरावीतच समुपदेशकाला विचारा, बारावीच्या वसंतात नको. बोलता येणं पुरत नाही, वाचायला-लिहायलाही लागतं. आजीशी फोनवर फर्डं बोलणारी मुलं देवनागरीत अडतात.

२२. मुलगा सोळा वर्षांचा आहे. लहान मुलांच्या सॉकरमध्ये पंच झालं तर सामन्यामागे पैसे मिळतात म्हणे. एच-४ वर चालेल?

नाही. एच-४ वरच्या मुलाला कामाची परवानगी नसते. मग ते पंचगिरी असो, तलावावर जीवरक्षकाचं काम असो की कोचच्या उन्हाळी शिबिरात मदत करून मिळणारे पैसे असोत. मित्र करतात म्हणून तोही करतो, आणि पुढे व्हिसा बदलताना तो जुना चेक आडवा येतो. अनेक राज्यांत हायस्कूलच्या खेळाडूंना आता जाहिरातीतून पैसे घेता येतात, पण त्या राज्याच्या नियमाने व्हिसाचा नियम बदलत नाही.

समाजसेवेचे तास म्हणून विनामोबदला मदत करता येते: वाचनालय, अन्नछत्र, शाळेचा ठेला. मात्र ज्या कामाला इतरांना पगार मिळतो तेच काम “मी फुकट करतो” म्हणून पत्करणंही अडचणीचं ठरू शकतं. असं काही समोर आलं तर हो म्हणण्याआधी तुमच्या इमिग्रेशन वकिलाला विचारा, कोचला नव्हे.